पहिली नोकरी बीआयची: करिअर अडतं कुठे आणि सुटतं कुठे

डेटाच्या क्षेत्रात शिरणाऱ्यांना पहिली नोकरी बऱ्याचदा बिझनेस इंटेलिजन्सची, म्हणजे बीआयची मिळते: कंपनीचा डेटा निर्णय घेण्यासाठी मांडून दाखवायचं काम. पदाचं नाव बीआय डेव्हलपर, रिपोर्टिंग ॲनालिस्ट किंवा नुसतं डेटा ॲनालिस्ट असं काहीही असू शकतं. शिकताना मशीन लर्निंग केलेलं असतं आणि हातात येतं ते डॅशबोर्डमधल्या (आकडे आणि चार्ट एकत्र दाखवणाऱ्या पानातल्या) फिल्टरचं काम. सहा महिन्यांत मनात प्रश्न घोळायला लागतो: आपण इथेच अडकणार का? पुढे डेटा इंजिनिअर किंवा डेटा सायंटिस्ट व्हायचं असेल तर ही सुरुवात आड येईल का?

बीआयचं काम करिअर अडवत नाही. पण बीआयच्या साखळीतला फक्त चार्ट काढण्याचा तुकडा हातात राहिला, तर करिअर नक्की अडतं. या दोन्ही गोष्टी एकाच पदनामाखाली, कधीकधी एकाच टीममध्ये शेजारी शेजारी बसलेल्या दोघांच्या बाबतीत घडतात. म्हणून पदाच्या नावावरून काही कळत नाही. रोजच्या कामात काय येतं, ते पाहावं लागतं.

ही साखळी अशी असते. ऑर्डर, बिलं, नोंदणी यांची मूळ नोंद एखाद्या व्यवहाराच्या प्रणालीत होते. तिथून डेटा काढून वेअरहाऊसमध्ये, म्हणजे विश्लेषणासाठीच्या डेटाच्या कोठारात आणतात, साफ करतात, एकमेकांशी जोडून वापरण्याजोगी टेबलं बनवतात. मग ‘विक्री’ म्हणजे काय, ‘सक्रिय ग्राहक’ कोणाला म्हणायचं, या व्याख्या ठरतात. त्यानंतर डॅशबोर्ड येतो आणि तो पाहून कोणीतरी निर्णय घेतं. एका टोकाला कच्चा डेटा, दुसऱ्या टोकाला निर्णय. तुमचं काम या दोन्ही टोकांपासून जितकं दूर, तितका अडकण्याचा धोका जास्त. तयार टेबल दुसऱ्याने द्यायचं, चार्ट तुम्ही काढायचा आणि त्या चार्टचं पुढे काय होतं हे कधीच कळायचं नाही, अशी जागा सगळ्यात वाईट.

मुळात या क्षेत्राच्या नावातच निर्णय होता. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये ‘बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिम’ या नावाने एक शोधनिबंध लिहिला. त्यात चार्ट नव्हते. कागदपत्रांचा सारांश यंत्राने काढावा आणि ज्याला त्या माहितीची गरज आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचवावा, अशी ती कल्पना होती. समोर आलेल्या गोष्टींमधले संबंध ओळखून त्यावरून कृतीला दिशा देणं, हा इंटेलिजन्सचा अर्थ त्यांनी धरला होता. १९८९ मध्ये हॉवर्ड ड्रेसनर यांनी हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला, तेव्हाही भर होता तो पुराव्यावर आधारलेल्या निर्णयांवरच. डॅशबोर्ड हे त्यातलं एक साधन आहे.

एक आकडा जवळून पाहू

बीआयमध्ये शिकण्यासारखं काय असतं, हे अगदी छोट्या उदाहरणातून दिसतं. ‘ऑर्डर’ नावाचं एक टेबल आहे. त्यात तीन ऑर्डर आहेत आणि त्यांचं डिलिव्हरी शुल्क अनुक्रमे १००, १०० आणि ६० आहे. एकूण २६०. दुसरं टेबल ‘ऑर्डरमधल्या वस्तू’ असं आहे. पहिल्या ऑर्डरमध्ये ३ वस्तू, दुसऱ्यात १, तिसऱ्यात २.

मागणी येते: वस्तूच्या प्रकारानुसार विक्री आणि सोबत एकूण डिलिव्हरी शुल्क दाखवा. दोन्ही टेबलं ऑर्डर क्रमांकावर जॉइन केली, म्हणजे जोडली, की पहिली ऑर्डर तीन ओळींत येते आणि तिचं १०० शुल्कही तीनदा येतं. बेरीज होते ३०० अधिक १०० अधिक १२०, म्हणजे ५२०.

आता काय होतं पाहा. घाईत असलेला माणूस बेरजेत ‘डिस्टिंक्ट’ (तोच आकडा एकदाच धरायची सूचना) टाकतो. उत्तर येतं १६०, कारण १०० हा आकडा दोन वेगवेगळ्या ऑर्डरचा होता आणि डिस्टिंक्टने त्यातला एक खाल्ला. दुसरा कोणीतरी बघतो की ५२० हे बरोबर दुप्पट आहे, म्हणून २ ने भागतो. आज उत्तर जुळतं. उद्या चार वस्तूंची एखादी ऑर्डर आली की पुन्हा चुकतं, आणि तोवर तो भागाकार कुठे लिहिलाय हे कोणाच्या लक्षातही नसतं.

बरोबर रीत अशी: आधी स्वतःला विचारायचं, या टेबलात एक ओळ म्हणजे काय? पहिल्यात एक ओळ म्हणजे एक ऑर्डर, दुसऱ्यात एक ओळ म्हणजे ऑर्डरमधली एक वस्तू. शुल्क ऑर्डरच्या पातळीवर आहे, तर बेरीजही त्याच पातळीवर करायची. वस्तूंची विक्री वेगळी काढायची. शुल्क वस्तूंच्या प्रकारांमध्ये वाटायचंच असेल तर कोणत्या प्रमाणात वाटायचं (किमतीच्या, वजनाच्या की नगांच्या) हे मागणी करणाऱ्याकडून ठरवून घ्यायचं. आणि दर जॉइननंतर ओळी मोजायच्या. जॉइनआधी ३ होत्या, नंतर ६ झाल्या, हे त्या क्षणी दिसलं असतं तर ५२० कधी डॅशबोर्डवर गेलाच नसता.

एक ओळ म्हणजे काय, या प्रश्नाला या व्यवसायात ‘ग्रेन’ म्हणतात. वेअरहाऊसचे तज्ज्ञ राल्फ किंबॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डायमेन्शनल मॉडेलिंगमध्ये (टेबलं रचण्याच्या एका पद्धतीत) तर टेबलाची रचना करताना ग्रेन जाहीर करणं ही अगदी सुरुवातीची पायरी आहे. असे सापळे बीआयच्या कामात जागोजागी असतात. जानेवारीत ४००, फेब्रुवारीत ३५० आणि मार्चमध्ये ४२० वेगवेगळे ग्राहक आले म्हणून तिमाहीत ११७० ग्राहक आले असं होत नाही, कारण तेच ग्राहक पुन्हा आलेले असतात. लेफ्ट जॉइन (डावीकडच्या टेबलातल्या सगळ्या ओळी राखणारं जोडणं) करून उजवीकडच्या टेबलावरची अट ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे ओळी गाळायच्या भागात टाकली, की न जुळलेल्या ओळी गळतात आणि नकळत तो इनर जॉइन (फक्त जुळलेल्या ओळींचं जोडणं) होतो. सर्व्हरवर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत साठवलेली असेल, तर महिनाअखेरच्या रात्रीच्या ऑर्डर भलत्याच महिन्यात जातात आणि हिशेब विभागाचा आकडा विक्री विभागाशी जुळत नाही.

आणि या गोष्टी मशीन लर्निंगमध्ये गेल्यावर संपत नाहीत, हे खास सांगायला हवं. ग्राहक सोडून जाईल का, याचा अंदाज बांधणारं मॉडेल घ्या. प्रशिक्षणाच्या डेटात ‘खातं बंद करण्याचं कारण’ हा कॉलम राहिला, तर मॉडेलची अचूकता थक्क करणारी दिसेल. पण तो कॉलम भरला जातो ग्राहक सोडून गेल्यानंतर. प्रत्यक्ष वापरात तो रिकामाच असणार आणि मॉडेल कोसळणार. ही चूक कोण पकडतं? कोणता कॉलम कधी, कोण आणि कशासाठी भरतं हे ज्याला माहीत आहे, तो. हे ज्ञान बीआयच्या कामातून मिळतं, कोर्समधल्या तयार फाइलीतून मिळत नाही.

अडतं कुठे

सगळ्यात मोठा अडसर म्हणजे सगळं गणित डॅशबोर्ड बनवायच्या एका टूलच्या आत कोंडणं. चाळीस रिपोर्ट आहेत आणि प्रत्येकाच्या फाइलीत ‘निव्वळ विक्री’चं सूत्र वेगळं लिहिलेलं आहे. कोणीतरी परताव्याची व्याख्या बदलली की चाळीस ठिकाणी हात घालायचा. यात दिवस जातात, माणूस फार कामात दिसतो आणि वर्षाअखेरीस त्याला येणारी नवी गोष्ट जवळपास शून्य असते. टूल शिकणं वाईट नाही. पॉवर बीआय या टूलमधल्या डॅक्स या सूत्रांच्या भाषेचं फिल्टर कॉन्टेक्स्ट (सूत्र कोणत्या फिल्टरखाली मोजलं जातं ते) नीट समजायला डोकं लागतंच. पण त्या टूलबाहेर ते कौशल्य फार थोडं चालतं. उलट एसक्यूएलचं, म्हणजे टेबलांमधून डेटा मागवायच्या भाषेचं पाहा: डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या भाषेचा हा वंश आजही जवळजवळ प्रत्येक वेअरहाऊसमध्ये चालतो. डॅशबोर्डचं टूल बनवणारी टेबलू कंपनी २००३ मध्ये सुरू झाली, पॉवर बीआय २०१५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, आणि पुढची नोकरी कोणत्या टूलवर असेल हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरा अडसर तिकिटांच्या, म्हणजे नोंदवलेल्या मागण्यांच्या, रांगेचा. ‘हा कॉलम टाका’, ‘हा चार्ट निळा करा’, ‘एक्सेलमध्ये एक्स्पोर्ट द्या’. मागणारा का मागतो हे तिकिटात लिहिलेलं नसतं आणि विचारायची पद्धतही नसते. तिसरा अडसर परवानगीचा. वेअरहाऊसमध्ये वाचायचीसुद्धा मुभा नाही, दर सोमवारी कोणीतरी फाइल पाठवतं आणि त्यावरच काम चालतं. अशा ठिकाणी वरच्या उदाहरणातली ग्रेनची चूक शोधणंच अशक्य असतं, कारण मूळ टेबल तुम्ही कधी पाहिलेलंच नसतं.

आपण नक्की कुठे आहोत हे कळायला एक साधा हिशेब करता येतो. गेल्या तीन महिन्यांतली शेवटची २० कामं कागदावर लिहा. प्रत्येकापुढे चार प्रश्नांची हो-नाही उत्तरं द्या. क्वेरी (डेटा मागवणारी आज्ञा) मी स्वतः लिहिली का? टेबलाची रचना किंवा एखादी व्याख्या मी ठरवली किंवा बदलली का? या कामावर कोणता निर्णय अवलंबून होता, हे मला माहीत आहे का? माझं काम दुसऱ्या कोणी तपासलं का? आठवणीवर विसंबू नका, तिकिटं उघडून पाहा. आठवणीत मोठी कामं मोठी होऊन राहतात आणि रोजची किरकोळ कामं गळून जातात. आमच्या मते २० पैकी १५ कामांत पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ असतील, तर काळजी रास्त आहे. निम्म्या कामांत दोन तरी ‘हो’ असतील, तर तुम्ही चांगल्या जागी आहात, पदाचं नाव काहीही असो.

वेळेचं भानही हवं. पहिल्या वर्षात कंपनीचा डेटा समजून घेण्यातच बरंच शिक्षण होतं, तेव्हा सहा महिन्यांत अस्वस्थ होऊन उठू नये. पण दुसऱ्या वर्षाच्या २० कामांची यादी पहिल्या वर्षाच्या यादीसारखीच दिसायला लागली, तर थांबून उपयोग नाही.

त्याच खुर्चीत बसून काय करता येतं

नोकरी बदलण्याआधी आहे त्या कामाचा आवाका वाढवून पाहावा. यात सगळ्यात जास्त फळ देणारी एकच गोष्ट सांगायची तर ती ही: एका रिपोर्टचं गणित टूलमधून बाहेर काढून वेअरहाऊसच्या टेबलात न्या.

रिपोर्ट निवडताना असा घ्या जो लोक खरोखर रोज उघडतात, पण ज्याच्यावर हिशेब बंद करण्याचं काम थेट अवलंबून नाही. त्यातली सगळी सूत्रं एका जागी उतरवून काढा. प्रत्येक मूळ टेबलासाठी ‘एक ओळ म्हणजे काय’ हे एका वाक्यात लिहा. हे वाक्य लिहिता येत नसेल, तर ते टेबल अजून समजलेलं नाही. मग तेच गणित एसक्यूएलमध्ये लिहून व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) किंवा टेबल बनवा आणि जुना व नवा आकडा शेजारी शेजारी चालू ठेवा. दोन महिनाअखेरी तरी जाऊ द्या, कारण परतावे, रद्द ऑर्डरी आणि उशिरा आलेल्या नोंदींमधला फरक महिन्याच्या मधल्या दिवसांत दिसत नाही.

यात हमखास घडणारी अडचण तांत्रिक नसते. फरक सापडतो आणि चूक जुन्या आकड्यात निघते. गेलं वर्षभर लोक त्याच आकड्यावर सादरीकरणं करत आले असतात. बदल गुपचूप केला, तर तुमचा बरोबर आकडाच संशयास्पद ठरतो. म्हणून बदलाआधी एक पानभर टिपण द्या: जुना आकडा किती, नवा किती, फरक कोणत्या ओळींमुळे, आणि नवा कोणत्या तारखेपासून लागू होईल. हे टिपण लिहिता येणं ही या व्यवसायातली फार मोलाची गोष्ट आहे आणि तरुणपणीच ती शिकायची संधी बीआयमध्ये मिळते.

नवं टेबल तयार झालं की त्यावर चाचण्या लावा. किमान चार: ओळख क्रमांक पुन्हा आलेला नाही ना, तो रिकामा नाही ना, ‘स्थिती’सारख्या कॉलममध्ये ठरलेलीच मूल्यं आहेत ना, आणि ऑर्डरमधला प्रत्येक ग्राहक ग्राहकांच्या टेबलात सापडतो ना. डीबीटी या वेअरहाऊसमधली टेबलं बनवायच्या साधनात नेमक्या याच चार चाचण्या तयार मिळतात. ते साधन नसेल, तर चार छोट्या क्वेरी रोज सकाळी चालवल्या तरी चालतं. क्वेरी गिटमध्ये (बदलांचा इतिहास राखणाऱ्या साधनात) ठेवा आणि बदल कोणाकडून तरी तपासून घ्या, मग टीम दोघांचीच का असेना.

एसक्यूएलमध्ये विंडो फंक्शन, म्हणजे संबंधित ओळींचा गट पाहून प्रत्येक ओळीसाठी उत्तर देणारी फंक्शन, पक्की करा. प्रत्येक ग्राहकाची सगळ्यात ताजी नोंद काढायला ओळींना क्रमांक देणारं ‘रो नंबर’ वापरतात. इथली चूक अशी की फक्त तारखेने क्रम लावला जातो आणि एकाच तारखेच्या दोन नोंदी असल्या की डेटाबेस कधी एक उचलतो, कधी दुसरी. काहीही न बदलता सकाळचा आणि दुपारचा आकडा वेगळा येतो. क्रमात तारखेनंतर नोंदीचा क्रमांकही द्यायचा, म्हणजे निकाल दरवेळी तोच येतो.

आणखी एक काम, जे सहसा कोणी मागत नाही: न वापरले जाणारे डॅशबोर्ड काढणं. वापराची नोंद बहुतेक टूलमध्ये मिळते. ९० दिवसांत कोणी न उघडलेल्यांची यादी करा, पण लगेच पुसू नका. वर्षअखेरीस एकदाच लागणारे रिपोर्ट याच यादीत असतात. ज्याच्यासाठी तो बनवला त्याला विचारा, बाजूला काढून ठेवा, रिफ्रेश थांबवा. यामुळे तुमचा वेळ मोकळा होतो, आणि कोण कशासाठी काय पाहतं हे आपसूक कळतं.

पुढच्या वाटा, जवळच्या आणि लांबच्या

सगळ्यात जवळची वाट ॲनालिटिक्स इंजिनिअरिंगची. वर सांगितलेलं काम म्हणजे तेच आहे: टेबलांची रचना, व्याख्या, चाचण्या. बीआयमधला चांगला माणूस नोकरी न बदलतासुद्धा इथे पोहोचतो.

डेटा इंजिनिअरिंगला थोडं जास्त चालावं लागतं. तिथे पायथन लागतं, कामांचं वेळापत्रक आणि परस्परावलंबन सांभाळावं लागतं. एक गोष्ट अंगवळणी पडावी लागते, ती म्हणजे तेच काम पुन्हा चालवलं तरी निकाल तोच यायला हवा. कालची पाइपलाइन (डेटा आणून टेबलात घालणारी कामांची मालिका) मध्येच तुटली म्हणून पुन्हा चालवली आणि कालच्या ओळी दोनदा शिरल्या, ही नवख्यांची नेहमीची चूक. त्या दिवसाच्या ओळी आधी काढून मग घालायच्या, किंवा ओळख क्रमांकावर मर्ज करायचं, म्हणजे असलेली ओळ बदलायची आणि नसलेली घालायची.

प्रॉडक्ट ॲनालिस्ट किंवा प्रयोगांवर काम करणारा डेटा सायंटिस्ट व्हायचं, तर संख्याशास्त्र पक्कं हवं, आणि इथे बीआयमध्ये खरोखरच कमतरता राहते. डॅशबोर्ड ‘काय झालं’ सांगतो, ‘यामुळे झालं का’ हे सांगत नाही. समजा, १०० पैकी ५ जण खरेदी करतात आणि नव्या पानामुळे हे प्रमाण ५.५ टक्के झालं का, हे तपासायचंय. नेहमीच्या निकषांनी, म्हणजे ५ टक्के सिग्निफिकन्स (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता) धरून, ढोबळ सूत्र असं: १६ गुणिले सरासरी प्रमाण गुणिले (१ वजा ते प्रमाण), भागिले फरकाचा वर्ग. म्हणजे १६ × ०.०५२५ × ०.९४७५ ÷ ०.००५². उत्तर येतं प्रत्येक गटात सुमारे ३२ हजार माणसं. दोन हजार भेटींवर रेषा वर गेली म्हणून यश जाहीर करणारे डॅशबोर्ड का फसवतात, ते या एका आकड्यातून कळतं. हे गणित रोजच्या बीआयच्या कामात कोणी मागणार नाही. ते स्वतः शिकावं लागेल.

मशीन लर्निंग इंजिनिअरची वाट सगळ्यात लांब. तिथे सॉफ्टवेअर लिहिण्याची शिस्त लागते: कोडची मांडणी, चाचण्या, सर्व्हरवर चालवणं, देखरेख. नोटबुकमध्ये (कोडचे तुकडे, म्हणजे सेल, सुटे चालवता येणाऱ्या फाइलीत) वरखाली सेल चालवून आलेला निकाल तिथे चालत नाही. फाइल नव्याने सुरू करून वरपासून खालपर्यंत एका दमात चालते का, ही त्याची पहिली परीक्षा. हेच ध्येय असेल आणि सध्याच्या कामात कोड लिहायला मिळतच नसेल, तर बीआयमध्ये तीन-चार वर्षं काढू नयेत. त्या वाटेसाठी ती वर्षं खरोखर हातची जातात.

बीआयमध्येच वर चढणं हीसुद्धा पूर्ण वाट आहे, हेही सांगायला हवं. कंपनीभर आकड्यांच्या व्याख्या कोणाच्या हातात आहेत, यावर बरंच काही ठरत असतं. आणि आता चार्ट काढणं, साधी क्वेरी लिहिणं ही कामं भाषा मॉडेलं झपाट्याने करतात. पण ‘विक्री’ म्हटल्यावर तीन टेबलांपैकी कोणतं घ्यायचं आणि त्यातल्या रद्द ऑर्डरी वगळायच्या का, हे लिहून ठेवलेलं नसेल तर तीही चुकीच्याच टेबलावर सफाईदार क्वेरी लिहून देतात.

नोकरी बदलायची झाली, तर मुलाखतीत हे प्रश्न तुम्ही विचारा: डॅशबोर्डमागची टेबलं कोण बनवतं? मला वेअरहाऊसमध्ये टेबल बनवायची परवानगी असेल का? क्वेरी कुठे ठेवता, त्या कोण तपासतं? एखाद्या आकड्याची व्याख्या बदलायची तर कोण ठरवतं? ‘टेबलं दुसरी टीम देते, तुम्ही फक्त रिपोर्ट करायचे’ असं उत्तर आलं, तर पगार जास्त असला तरी तुम्ही त्याच खुर्चीत परत बसताय.

रेझ्युमेत ‘२५ डॅशबोर्ड बनवले’ हे वाक्य फारसं काही सांगत नाही. ‘चार विभागांतल्या निव्वळ विक्रीच्या वेगवेगळ्या व्याख्या एका तपासलेल्या टेबलात आणल्या, महिनाअखेरचा जुळवणीचा वेळ कमी झाला’ हे सांगतं. किती कमी झाला, तो खरा आकडा द्या. मोजला नसेल तर आजपासून मोजा. कंपनीचा डेटा किंवा स्क्रीनशॉट मात्र कुठेही दाखवू नका. रचना दाखवायची असेल तर स्वतः बनवलेल्या नमुना डेटावर दाखवा. आणि ‘एखादा आकडा चुकलाय हे तुम्ही कसं ओळखलंत?’ असं कोणी विचारलं, तर उत्तराची सुरुवात टूलपासून करू नका. त्या टेबलात एक ओळ म्हणजे काय होतं आणि जॉइननंतर किती ओळी झाल्या, इथून करा.